गोल फिरणारा रणगाडा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. घाबरू नका, मला चाकं नाहीत आणि खरी तोफही नाही. मी माणसाच्या उंचीची एक लाकडी पेटी आहे. पेटीत काच आहे आणि काचेवर हिरव्या रेषांनी काढलेलं मैदान दिसतं. पुढे दोन दांडे आहेत, एक डावा आणि एक उजवा. दोन्ही ढकलले की माझा रणगाडा सरळ जातो. एकच ढकलला की जागच्या जागी गोल फिरतो. उजव्या दांड्याच्या टोकाला लाल बटण आहे, ते दाबलं की गोळा सुटतो. शत्रूचा रणगाडा फुटला की हजार गुण. मला एवढंच शिकवलेलं आहे. पण माझ्या आयुष्यात जे घडलं ते समजायला एवढं शिक्षण पुरलं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझी काच तुम्ही आत बघण्यासाठी आहे, मला तिच्यातून बाहेरचं दिसत नाही. मला फक्त ऐकू येतं. दांडा हलला की तारेतून कळतं, पण तो कुणी हलवला हे कळत नाही.

ऐंशीच्या दशकात एका कारखान्यात माझा जन्म झाला. तारा जोडणाऱ्या बाईंनी माझे दांडे शंभरदा पुढेमागे करून पाहिले आणि 'हा टिकेल' असं म्हणाल्या. तिथून मी व्हिडिओ गेमच्या दुकानात आलो. संध्याकाळी माझ्यापुढे रांग लागे. कुणी शाळेतून परस्पर येई, कुणी आपलं दुकान बंद करून. जवळच्या एका न्हाव्याचा हात इतका चपळ होता की त्याचे गुण वर्षभर सगळ्यांच्या वर राहिले. लोक त्याला 'सेनापती' म्हणत. त्या पदवीत माझाही थोडा वाटा आहे, असं मला वाटे.

मग रंगीत खेळ आले, मग घरोघरी खेळ आले, आणि माझी रांग आटली. मालकांनी बाकीचे खेळ काढून टाकले आणि झेरॉक्सची यंत्रं मांडली. मला कुणी नेईना, म्हणून मी कोपऱ्यात राहिलो. माझ्या डोक्यावर कागदांचे गठ्ठे चढले. पुढे कित्येक वर्षं मी बंद होतो. त्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही, बंद यंत्राला कंटाळाही येत नाही.

एका सकाळी अचानक माझ्यात वीज आली. का आली, ते बोलण्यावरून हळूहळू कळलं. मालकांचे थोरले भाऊ, सगळ्यांचे दादा, यांनी तीस वर्षं बुलडोझर चालवला होता. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण डावा हात लुळाच राहिला. हे सुरुवातीचे महिने वाया गेले तर हात कायमचा आखडेल, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. त्यांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मात्र दादांनी 'पोरखेळ' म्हणून खिडकीबाहेर भिरकावला. तेव्हा मालकांना मी आठवलो. बुलडोझरला दोन दांडे, मलाही दोन.

"भाऊजी, चेंडू पोरखेळ म्हणून फेकला त्यांनी," दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही तर खराखुराच पोरखेळ काढलात."

दादांनी मला तपासलं. आमच्या मशीनवर ज्या बाजूला वळायचं तो दांडा ओढतात, इथे सगळं उलटं आहे, अशी कुरकुर केली. पण बसले.

उजवा दांडा पुढे गेला. डावा हललाच नाही. रणगाडा डावीकडे गोल गोल फिरू लागला. शत्रू आला, गोळा लागला, खेळ संपला. पुन्हा तेच. मालक म्हणाले, लाल बटण तरी दाब. त्यावर दादा म्हणाले, मी आयुष्यभर रस्ते केले, गोळे तू मार. त्या दिवशी चाळीस खेळ झाले आणि चाळीस शून्यं. मी चक्रावलो. मरायला कुणी इतक्यांदा येतं का?

मग मनात शंका आली की माझाच डावा दांडा निकामी झाला असेल. आतली तार गंजली असेल आणि माझ्या दोषापायी हा भला माणूस उगाच मरत असेल. लाजेने माझ्या रेषा थरथरल्या. मालक म्हणाले, वीज कमी आहे.

पाचव्या दिवशी डावा दांडा हलला आणि रणगाडा तीरासारखा सरळ सुटला. मी ठणठणीत होतो! पण दादांचा आवाज चढला.

"हात काढ तिथून."

"मी कुठे काय केलं?" वहिनी म्हणाल्या.

"तीस वर्षं दांडे हातात होते माझ्या. माझ्या जोराने चाललाय की दुसऱ्याच्या, कळतं मला. तू ढकललास तर रणगाडा जाईल गं, माझा हात कुठे जाईल?"

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "रोज चाळीस वेळा हरताना बघवत नाही मला."

"मग मोजू नकोस. नुसती बस इथे."

त्या दिवसापासून शेजारी मटार सोलल्याचा आवाज येऊ लागला. आणि मी पुन्हा गोल फिरू लागलो. रणगाडा सरळ गेला होता, तर तो राग कशाचा? माझ्या काही ध्यानात येईना.

तीन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी डाव्या दांड्यात किंचित कंप आला. इतका बारीक की तारेपर्यंत पोचेना. मला वाटलं, भास झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी दांडा केसभर पुढे सरकला, तार जुळली, आणि रणगाडा चार आकडे मोजावेत एवढा वेळ सरळ गेला. थेट शत्रूच्या पुढ्यात. गोळा लागला, खेळ संपला.

मटार सोलण्याचा आवाज थांबला.

"तुझा हात कुठे होता?" दादांनी विचारलं.

"मटारात. दोन्ही."

मित्रांनो, यानंतर जे झालं त्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. झेरॉक्सचं यंत्र चालू ठेवूनच मालक धावत आले. वहिनी हसत होत्या की रडत होत्या, ते आवाजावरून ठरवता येईना. दादा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझाच होता, माझाच." मी काचेवर शून्य दाखवत होतो आणि ते कुणी वाचत नव्हतं. सेनापतीच्या लाखभर गुणांनाही असा गलका झाला नव्हता.

आता दादा सदऱ्याची बटणं स्वतः लावतात म्हणे. अजूनही येतात, अजूनही गोळा मारत नाहीत.

मी यंत्र आहे, तुम्हाला शहाणपण काय शिकवणार? एवढीच विनंती आहे की जुन्या यंत्राच्या सांध्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडा, पुढे ते कुणाच्या उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. आणि तुमच्या घरात कुणी असं गोल गोल फिरत असेल, तर घाईने त्याचा दांडा ढकलू नका. शेजारी बसा, वाटल्यास काही सोलत बसा. एवढ्याने कसं काय साधतं, ते मला माहीत नाही. तुम्हाला कळलं, तर मलाही समजावून सांगा.