चुन्याखालचे नाव

मित्रांनो, मी राजूरच्या वाटेवरच्या एका लहान गावातला, चर्चच्या आवारातला जुना काळा दगड आहे. दगड म्हटल्यावर नाक मुरडू नका. माझ्या अंगावर अक्षरे आहेत, आणि तीही मराठी! शेजारच्या इंग्रज साहेबाच्या कबरीवरच्या संगमरवराला ते भाग्य नाही, म्हणून मी थोडा तोऱ्यातच असतो.

१९३८ साली एका पाथरवटाने मला घडवले. आठ दिवस छिन्नीचे घाव सोसले, पण नाव कोरून झाले तेव्हा माझा ऊर भरून आला. मिशनच्या दवाखान्यातली दाई मानीबाई वारली होती. तिच्या कबरीच्या उशाशी मला उभे केले. पुढे कितीतरी वर्षे बाया आपली तान्ही लेकरे घेऊन येत आणि त्यांचा इवलासा हात माझ्यावर टेकवत. मग त्या बाया म्हाताऱ्या झाल्या, दवाखाना बंद पडला आणि माझ्याकडे कोणी येईनासे झाले.

चर्चची झाडलोट करणाऱ्या विमलताई मात्र मला विसरल्या नाहीत. दरवर्षी नाताळच्या आधी त्या आम्हा साध्या दगडांना चुना मारत. थरावर थर चढत गेला आणि माझी अक्षरे बुजली. मायेनेच माझे तोंड बंद केले, रागावणार तरी कुणावर?

यंदा आवाराची भिंत पडली. नवी बांधायला मारोतराव मिस्त्री आले. बिननावाचे दगड पायव्यात घ्या, असे त्यांना सांगितले होते. त्यांनी माझ्या बुडाशी लोखंडी सब्बल घातली आणि मी हादरलो. मी गेलो की मानीबाई कुठे निजली आहे, हे सांगणारे कोणी उरणार नव्हते.

त्याच सकाळी शाळेच्या दीपा मॅडम चौथीचा वर्ग घेऊन आवारात आल्या. मुलांना गावाचा इतिहास शिकायचा होता. ती दगडांवरची नावे वहीत उतरवू लागली. उर्वशी नावाची मुलगी माझ्यापाशी थांबली.

"मॅडम, याच्यावर नाव काहून नाही?" तिने माझ्यावरून हात फिरवला. "आहे, आहे! बोटाले लागून राह्यलं!"

विमलताईंनी कपाळाला हात लावला. "अवं माय! मीच त चुना मारतो दरसाली. म्याच बुजवलं का काय?"

दीपा मॅडमनी मिस्त्रींना थांबायची विनंती केली.

"दुपारलोक थांबतो," मारोतराव म्हणाले. "मंग सिमेंटचा माल कालवतो."

मुलांनी मला ओली पोती गुंडाळली. मग कडुनिंबाच्या काड्यांनी चुना कोरायला सुरुवात झाली. लोखंड लावायचे नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. ऊन डोक्यावर आले तेव्हा उर्वशीने मोठ्याने वाचले, "मानीबाई दाई. या गावची लेकरे हिच्या हाती आली."

मारोतरावांनी सब्बल खाली टाकली.

"माहा बाप हिच्याच हाती झाला. नाला भरून चालला होता अन् थे गळाभर पाण्यातून आलती. माही आजी मरेलोक सांगे. अन् मी तिलेच पायव्यात गाडून राह्यलो होतो!" त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "पोरी, वाच अजून एकदा."

या वेळी सगळा वर्ग एका सुरात वाचू लागला. त्यातली कितीतरी मुले मानीबाईच्या हाती आलेल्यांचीच पतवंडे होती. मग मारोतरावांनी मला मानीबाईच्या उशाशी पुन्हा घट्ट रोवले. त्या दिवशी मला झालेला अभिमान सांगायला माझ्यावरची अक्षरे अपुरी आहेत.

मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा मुका दगड असेल. त्याला हलवण्याआधी, रंगवण्याआधी, एकदा त्याच्यावरून हात फिरवून बघा. तुमच्या घरातल्याच कुणाची तरी आठवण तो सांभाळत उभा असेल.