कारणाचा रकाना

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात नापास मालाला लाल चिठ्ठी बांधण्याची पद्धत होती. चिठ्ठीवर पुर्ज्याचा क्रमांक, तारीख, तपासणाऱ्याची सही आणि सर्वांत खाली एक लांबट रकाना असे : कारण. मापन विभागाची प्रमुख अनसूया सुभेदार हिचा सत्तावीस वर्षांचा दरारा या एका रकान्यावर उभा होता. ‘किरकोळ दोष’, ‘इतर’, ‘ठीक वाटत नाही’ असे काही लिहिलेली चिठ्ठी ती आल्या पावली परत पाठवी. वेदांग नावाच्या नव्या तपासनिसाला तर तिने एकदा सगळ्यांदेखत सुनावले होते, “पुर्जा खोटा निघाला तर तो भट्टीत जातो, विषय संपला. कारण खोटं लिहिलंस तर पुढचे शंभर पुर्जे तसेच येतील.”

त्याच अनसूयेच्या टेबलावर आता तिच्या स्वतःच्या राजीनाम्याचा छापील अर्ज होता, आणि त्याच्याही तळाशी तोच रकाना होता.

मापन विभागाच्या खोलीला खिडकी नव्हती. मापे बिघडू नयेत म्हणून तिथले तापमान बारा महिने वीस अंशांवर ठेवावे लागे. मे महिन्यात बाहेर जबलपूर भाजून निघत असे तेव्हा अनसूया आत स्वेटर घालून मायक्रोमीटर वाचत असे. याची तिला कधी तक्रार नव्हती. दोन वर्षांपूर्वी मात्र एका कामासाठी नर्मदेकाठच्या दिंडोरीला जाताना कुंडमच्या पुढे बस बंद पडली, आणि चार तास ती एका पुलाच्या कठड्यावर बसून राहिली. समोर सालवृक्षांचे रान होते, खाली ओढा होता, आणि तिला कशाचेही माप घ्यायचे नव्हते. बाकीचे प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत होते. बस दुरुस्त झाली तेव्हा वाईट वाटलेली त्या गर्दीत ती एकटीच होती.

तेव्हापासून तिने एक निळी वही सुरू केली. पहिल्या पानावर फिरायचा बेत : आधी कुंडम, मग दिंडोरी, मग छत्तीसगडचा रस्ता, मग समुद्र. पुढची पाने तिने मुद्दाम कोरी ठेवली. आयुष्यात एकही रकाना रिकामा न सोडलेल्या बाईच्या दृष्टीने हे मोठेच धाडस होते.

कारखान्याच्या मालकांना सगळे सेठजी म्हणत. राजीनाम्याची कुणकुण लागताच त्यांनी तिला बोलावून घेतले.

“घूमने जा रही हैं? बावन की उम्र में? अकेली?” सेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तोडगाही त्यांनीच काढला. “देखिए, आप राजीनामा मत दीजिए. छुट्टी का अर्ज दीजिए, और कारण में परिक्रमा लिखिए. मैया की परिक्रमा के लिए मैं किसी को ना नहीं कहता. भाऊराव को साल भर की छुट्टी दी थी कि नहीं? लौटकर आइए, आपकी कुर्सी आपकी.”

“और घूमने के लिए?”

“घूमने के लिए कौन छुट्टी देता है, अनसूया जी?”

म्हणजे हिशेब सरळ होता. नर्मदा परिक्रमा हे दोन शब्द लिहिले की वर्षभर हवे तिकडे फिरून यावे आणि खुर्चीवर येऊन बसावे. ते लिहिले नाहीत तर नोकरी गेली. आणि पन्नाशी उलटल्यावर अशी भटकून परत आलेल्या बाईला रिछाईत दुसरे दार उघडणार नव्हते.

राइट टाउनच्या घरी थोरला भाऊ शरच्चंद्र हे ऐकून खूश झाला. वीजमंडळातून निवृत्त झालेला हा माणूस तीन आठवडे तिच्याशी वाद घालून थकला होता.

“मग लिहून टाक ना! काहून अशी अडून राहिली तू?”

“दादा, मी परिक्रमेला जात नाहीये.”

“दिंडोरीला नर्मदा लागते की नाही? लागते. काठानं दोन पावलं चालशील की नाही? चालशील. मग थोडी परिक्रमा होऊनच राहिली.”

“थोडी परिक्रमा नसते, दादा. पूर्ण असते, नाही तर नसते.”

वसुधावहिनी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या बहिणीनं लग्न नाही केलं, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, तिला नोकरी प्यारी आहे. आता ती नोकरीही सोडून राहिली. आता मी काय सांगू, तेही तिलाच विचारा. परिक्रमा म्हटलं की कसं, कोणाचं तोंडच उघडत नाही.”

त्या संध्याकाळी अनसूयेने घरी आणलेला अर्ज पुढे ओढला. कारखान्यात रजेला आणि राजीनाम्याला एकच छापील अर्ज चाले, वरचा नको तो शब्द खोडायचा. आधी पेन्सिल, मग शाई ही तिची पॉलिटेक्निकमधल्या ड्रॉइंग बोर्डापासूनची सवय. रकान्यात तिने पेन्सिलीने ‘नर्मदा परिक्रमा’ असे लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले, याचा तिला राग आला.

वहिनीने तो कागद पाहिला आणि पुढची चक्रे भराभर फिरली. रविवारी ती बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन परिक्रमेत नेसायला दोन पांढऱ्या सुती साड्या घेऊन आली. चार वाजता समोरच्या सत्यभामाकाकू हातात नारळ घेऊन जिना चढून वर आल्या. काकूंना शहात्तरावे लागले होते. नारळ अनसूयेच्या ओंजळीत देऊन त्या खाली वाकू लागल्या.

“काकू, हे काय! अहो, मी लहान आहे तुमच्याहून.”

“परिक्रमेला निघालेलीला वय नसतं, बाई. माझे गुडघे गेले, नाही तर मीही निघाले असते. मैयाला माझा नमस्कार सांग.”

अनसूया दोन पावले मागे सरली, पण मागे भिंत होती. काकूंची बोटे तिच्या पायांना लागली. तो नमस्कार दुसऱ्याच कुणाचा होता, आणि तो तिने ठेवून घेतला होता. 

सोमवारी भाऊराव मापन विभागात आला. लेथवरचा सर्वांत जुना कारागीर. चार वर्षांपूर्वी त्याने परिक्रमा पुरी केली होती, अनवाणी. तेव्हापासून कारखान्यात त्याचे नाव निघाले की लोक आपोआप हात जोडत. त्याने आणलेला शाफ्ट मापून झाल्यावर अनसूयेने विचारले, “भाऊराव, परिक्रमेत तुम्ही काय काय पाहिलं?”

भाऊराव तिच्याकडे बघतच राहिला.

“म्याडम, चार वर्षं झाली मला येऊन. आजवर कोणी विचारलं नाही हे.”

“काहून?”

“लोक पाया पडतात ना. पाया पडणारा खाली पाहून राहतो, तो काय विचारणार?” मग तो स्टुलावर बसलाच. “समुद्राशी नावेत बसावं लागते. चारी बाजूंनी पाणी. काठ दिसेना, माणूस दिसेना. मला असं हसू सुटलं, म्याडम, असं सुटलं, की नाववाला म्हणे, बाबा, उलटी होते का? आता हे कोणाला सांगू? परिक्रमेत हसलो म्हणून सांगू?”

“मग निघाला होतात कशासाठी?”

“अर्धा मैयासाठी. खोटं नाही बोलत. आणि अर्धा या लेथपासून सुटायला. मैयाला तो अर्धाही माहीत होता, तिनं चालवून घेतलं. इथं मात्र कोणाला सांगता नाही आलं, अन् पुन्हा त्याच लेथवर येऊन उभा राहिलो.” त्याने टेबलावरच्या अर्जावर नजर टाकली. “तुमचं किती आहे मैयासाठी?”

“काहीच नाही, भाऊराव. माझं सगळंच फिरण्यासाठी.”

“मग तर लाल चिठ्ठीच लागते, म्याडम,” तो म्हणाला आणि शाफ्ट उचलून हसत निघून गेला.

अनसूयेने रबर घेतले. पेन्सिलीची अक्षरे पुसून रकाना स्वच्छ केला, फुंकर मारून कचरा उडवला आणि शाईने लिहिले : घूमने के लिए. मग वरचा ‘रजा’ हा शब्द खोडला, खाली सही केली, तारीख घातली, आणि अर्ज कोणाच्या हाती न देता स्वतः सेठजींच्या केबिनमध्ये नेला.

सेठजींनी तो दोनदा वाचला. “बीमारी वगैरह कुछ?”

“नहीं.”

“घर में कोई परेशानी?”

“आज शाम से होगी.”

“फिर कुर्सी नहीं रहेगी, सोच लीजिए.”

“सोच लिया है. इसीलिए स्याही से लिखा.”

सेठजी दुखावले होते. “एक शब्द की बात थी, अनसूया जी. आपका क्या बिगड़ता?”

“सत्ताईस साल आपने मुझे कारण के इसी एक शब्द की तनख्वाह दी है, सेठजी,” ती म्हणाली. “आपके यहाँ ग़लत कारण लिखकर कोई माल बाहर नहीं गया. मैं भी नहीं जाऊँगी.”

सेठजींनी सही केली. पेन कागदावर जरा जोरातच टेकले.

त्यापेक्षा अवघड काम समोरच्या घरात होते. अनसूया नारळ घेऊन सत्यभामाकाकूंकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले.

“म्हणजे परिक्रमा नाहीच?”

“नाही.”

“अन् मी वाकले ते?”

“ते परत करायला आले आहे,” असे म्हणून अनसूया वाकली आणि तिने काकूंच्या पायांवर डोके ठेवले. काकूंनी आशीर्वाद दिला नाही. नारळ मात्र घेतला. “फिरायलाच जायचं होतं तर तसं सांगायचं होतं ना,” त्या फणकारल्या. “मी जिना तरी चढले नसते.”

घरी वहिनी पांढऱ्या साड्यांची पिशवी घेऊन बसली होती. “या परत नेल्या तर दुकानदार कारण विचारेल.”

“खरं सांगा, वहिनी.”

“हो, तुझ्यासारखं! अन् मग बडा फुहाऱ्यावर तोंड कसं दाखवू मी?”

महिनाभर दादाने अबोला धरला. निघायच्या दिवशी पहाटे तो पेपर तोंडासमोर धरून बसला होता. अनसूया पिशवी खांद्याला लावून दारात आली तेव्हा पेपरामागून आवाज आला, “कुंडमची बस सात वाजता म्हणून राहिली होती ना? साडेसहाला आहे. मी विचारून आलो.”

“येते, दादा.”

पेपर खाली आला नाही.

बसमध्ये तिच्याशेजारी एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर भले मोठे गाठोडे होते. अनसूयेची पाठीवरची पिशवी, पायातले जाड बूट आणि पाण्याची बाटली तिने नीट न्याहाळली आणि तिचा चेहरा उजळला.

“परिक्रमा वाली हो, दीदी?” तिचा हात अनसूयेच्या पायांकडे निघालासुद्धा.

“नहीं अम्मा. घूमने जा रही हूँ.”

हात अर्ध्या वाटेवर थांबला. म्हातारीने तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिले, या वेळी चारचौघींकडे पाहावे तसे, आणि तोच हात गाठोड्याकडे वळवला.

“अच्छा? तो फिर ज़रा उधर सरको न. पूरी सीट घेरकर बैठी हो.”

अनसूया सरकली, आणि सरकता सरकता थेट खिडकीला जाऊन टेकली. खिडकीची काच घट्ट बसली होती. तिने दोन्ही हातांनी जोर लावून ती पूर्ण उघडली. बस रिछाईकडे पाठ करून कुंडमच्या रस्त्याला लागली. आत आलेली हवा किती अंशांची होती, हे तिला विचारले असते तर सांगता आले नसते.