घरापर्यंत न पोहोचलेला दगड

मित्रांनो, बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत एका हॉलमध्ये माणसं स्वेटर घालून बर्फावर दगड सरकवत असतात, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण त्यातलाच एक जुना, करडा, लाल मुठीचा दगड मी आहे.

माझा जन्म स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर झाला. कारागिरांनी मला गोल कापलं, घासून गुळगुळीत केलं, डोक्यावर मूठ बसवली आणि बोटीनं अबू धाबीला पाठवलं. आमच्या खेळाचं नाव कर्लिंग. एकानं वाकून मला सोडायचं आणि जोडीदारानं माझ्यापुढं पळत ब्रशनं बर्फ घासायचा. बर्फ घासला की मी लांब जातो. पलीकडच्या टोकाला बर्फात रंगीत वर्तुळं असतात. त्यांना ‘घर’ म्हणतात. दगडानं त्या घरात पोहोचायचं, एवढाच काय तो खेळ.

दर फेब्रुवारीत आखाती देशांची स्पर्धा भरे. पहिल्या वर्षी कुवेतचे दोन इंजिनियर जिंकले. जाताना त्यांनी माझ्या थंडगार डोक्यावर ओठ टेकवले. पुढं इथं नोकरीला असलेले गिलगिटचे जहूर आणि त्यांचा भाऊ युसुफ हे विजेते झाले. बर्फात वाढलेली माणसं ती, त्यांना कोण हरवणार?

हरवलं हेमचंद्र आणि प्रमिलाताईंनी! हे नवरा-बायको पुण्याचे, राहायला मोहम्मद बिन झायद सिटीत. मुलीला, ईश्वरीला, स्केटिंगच्या क्लासला घेऊन यायचे आणि बसल्या बसल्या आमचा खेळ बघायचे. एकदा हेमचंद्र म्हणाले, “प्रमिला, ट्राय करूया का? नाहीतरी इथं बसून कुडकुडतोच आहोत.”

प्रमिलाताई मला सोडायच्या आणि ओरडायच्या, “घास, हेम, घास!” हेमचंद्र जाडजूड माणूस. धापा टाकत, “यल्ला, चल रे बाबा, चल!” म्हणत माझ्यापुढं पळायचे. मी घराच्या मधोमध थांबलो की ते तिथंच बर्फावर फतकल मारून बसायचे. ईश्वरी तोंड झाकून म्हणायची, “Baba, so embarrassing!” आणि प्रमिलाताई ओढणीच्या टोकानं मला पुसायच्या. लागोपाठ दोन वर्षं ते जिंकले. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कुणी पुसलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ते दिसेनासे झाले. मला वाटलं, सुट्टीला गावी गेले असतील. मग एके दिवशी जहूर सरावाला आले आणि ब्रश हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. युसुफला म्हणाले, “हेमभाई नहीं रहे. ऑफिस में ही हार्ट अटॅक. खलास.” त्या दिवशी दोघं भाऊ खेळलेच नाहीत.

फेब्रुवारी आला. मागच्या विजेत्यानं पहिला दगड सोडायचा, अशी आमच्या स्पर्धेची रीत. प्रमिलाताई आल्या. त्यांचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता, तो गेल्यावर इथं राहता येणार नव्हतं. राहतं घर रिकामं झालं होतं, सामान पुण्याला रवाना झालं होतं आणि त्याच आठवड्यात मायलेकी निघणार होत्या.

“आई, you don’t have to do this,” ईश्वरी म्हणाली.

“एकदाच, बाळा. मग जाऊ.”

जहूर पुढं आले. हळूच म्हणाले, “भाभी, आज ब्रश मैं पकडूँ?”

प्रमिलाताईंनी मान हलवली. “नहीं, भाईसाब. उनकी जगह आज रहने दीजिए.”

त्यांनी माझी मूठ धरली. त्या वाकल्या आणि त्यांनी मला सोडलं. मी निघालो. पुढं कुणी पळत नव्हतं, ब्रशचा आवाज नव्हता. अर्ध्या वाटेत माझा वेग कमी व्हायला लागला आणि मागून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, हाक आली, “घास, हेम, घास!”

हाक निघून गेली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड दाबून धरलं.

मी दगड आहे, पण त्या दिवशी मी जीव तोडून पुढं जायला बघत होतो. नाही जमलं. घर वीतभर राहिलं आणि मी थांबलो.

त्या चालत आल्या, माझ्याजवळ बसल्या. ईश्वरीही आली. आईच्या गळ्यात हात टाकून ती पहिल्यांदाच मराठीत बोलली, “बाबा असते तर पोहोचला असता ना गं?”

“हो गं,” प्रमिलाताई म्हणाल्या.

त्या वर्षी जहूर आणि युसुफ जिंकले. बक्षीस घेताना दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. नंतर एकाची नोकरी गेली, दुसऱ्याची बदली झाली, कुवेतचे लोक यायचे थांबले. स्पर्धा बंद पडली. आता मी सामानाच्या खोलीत, आइस हॉकीच्या फाटक्या जाळ्यांखाली पडून आहे. माझी कड झिजली आहे. मला पुन्हा बर्फावर न्या, असं मी म्हणत नाही.

पण मित्रांनो, एक सांगतो. आपण पुढं सरकत असतो तेव्हा वाटतं, ही सगळी आपलीच चाल. पुढं कुणीतरी धापा टाकत, वाकून आपली वाट घासत असतं, तिकडं लक्षच जात नाही. तुमच्यापुढं असं कोण पळतंय, ते आज नीट बघून घ्या. त्याला थोडं बसवा, पाणी द्या. आणि त्याला हाक मारायची असेल, तर तो ओ देतोय तोवर मारा.