दुसरा थेंब

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या मानेला तडा गेला आहे आणि बुडावर एक काळपट डाग आहे. तो गंज नव्हे. कसला, ते ओघाने येईलच.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतले, थंड होताच कानशीने खरवडले. पितळेची नळी कापली. काच घासून घासून तिचे भिंग केले. एवढे सोसल्यावर कुणी संत होतो, कुणी खाष्ट. मी खाष्ट झालो.

शाळेत मात्र माझे भारी कौतुक झाले. विज्ञानाच्या बाई मला मऊ कापडाने पुसत आणि कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली ठेवत. "विटांची भिंत दिसते ना? त्यातली एकेक वीट म्हणजे एक पेशी," असे त्या सांगत. मुले रांगेत एकमेकांच्या बरगड्यांत कोपरे खुपसत. नवशिक्यांची एक चूक तर ठरलेलीच होती. डोळा भिंगाला चिकटवला की स्वतःच्याच पापणीचे केस दिसत आणि "बाई, किडे!" अशी बोंब उठे. बाई हसून म्हणत, "आता स्वच्छ पाण्याचा दुसरा थेंब बघ. त्यातही तेच दिसलं, तर किडा पाण्यात नाही."

पुढे विजेवर चालणारी नवी यंत्रे आली आणि मी खिडकीपाशी धूळ खात पडलो.

एका उन्हाळ्यात शाळेमागचे तळे लालभडक झाले. मासे पोट वर करून तरंगू लागले. त्या माशांवर मासेवाल्याचे पोट होते, आणि तळ्याचा राखणदार हा त्याचा साडू. दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. साडूनेच विष कालवले, असे मासेवाल्याने ठरवून टाकले. भर दुपारी जमाव राखणदाराच्या मागे लागला. तो धावत प्रयोगशाळेत शिरला आणि माझ्या टेबलाखाली लपला. दार फुटले. बरण्या फुटल्या. त्याला पाय धरून टेबलाखालून बाहेर ओढले आणि लाथाबुक्क्यांनी तुडवले.

"थांबा!" बाई मध्ये पडल्या. "विष आहे हे कशावरून?"

मासेवाल्याने लाल पाण्याची बाटली नाचवली. "हे काय, डोळ्यांनी दिसत नाही?"

"मग नीट बघा, आणि मग बोला."

बाईंनी त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला, माझा आरसा उजेडाकडे वळवला. मासेवाल्याने डोळा भिंगाला चिकटवला आणि तो किंचाळला, "वळवळतंय! काळं काळं वळवळतंय!" बाई "थांबा, ते तुमचे..." म्हणेपर्यंत त्याने टेबलावरचा, परीक्षानळ्या अडकवायचा लोखंडी स्टँड उचलून साडूच्या तोंडावर हाणला. राखणदाराचा डावा डोळा फुटला. त्या झटापटीत मी आडवा झालो, माझ्या मानेला तडा गेला, आणि रक्त माझ्या बुडावर उडाले.

"संपवा याला!" मागून कुणीतरी ओरडले.

बाईंनी मला उभे केले. मासेवाल्याच्या खांद्याला लटकलेली त्याची पिण्याच्या पाण्याची बाटली त्यांनी हिसकावली आणि त्यातला थेंब ठेवला. "आता यात बघा! बघा म्हणते ना!"

तो वाकला. "यातपण तेच आहे," तो पुटपुटला.

"तुमच्या बाटलीतपण साडूनेच विष घातलं का? डोळ्याची उघडझाप करा. हलतंय ना? ते तुमच्या पापणीचे केस आहेत!"

खोलीत राखणदाराचे कण्हणे तेवढे ऐकू येत होते. बाईंनी पुन्हा लाल थेंब ठेवला आणि डोळा थोडा वर धरायला सांगितले. त्यात इवलेसे लाल जीव पोहत होते. "एकच पेशी, पण तेच त्याचं सगळं अंग," बाई म्हणाल्या. "एकाचे दोन होतात, दोनाचे चार. विष असं वाढत नाही, जीव वाढतो. यांची इतकी गर्दी झाली की पाण्यातला प्राणवायू संपला असणार, आणि मासे बहुतेक श्वास कोंडून मेले. नक्की काय ते तपासावं लागेल." मासेवाल्याच्या हातातला स्टँड गळून पडला.

पुढच्या उन्हाळ्यात तळ्याला पुन्हा लाली आली. मासेवाला राखणदाराचा हात धरून त्याला प्रयोगशाळेत घेऊन आला आणि स्वतः दारातच थांबला.

"बाई, माझा डोळा कशासाठी गेला, ते मला बघायचंय," राखणदार म्हणाला. "पण एका डोळ्यानं दिसेल का?"

"याला एकच लागतो," बाई म्हणाल्या.

तो बराच वेळ बघत राहिला. मग दाराकडे वळून म्हणाला, "या ना, तुम्हीपण बघा. कुणाच्या अध्यात ना मध्यात, बिचारे आपले पोहतायत." मासेवाला आला, वाकला, पण त्याला काहीच दिसेना. त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याने माझे भिंग भिजून गेले होते.

मित्रांनो, मला पुसायचे राहिले तरी चालेल. पण दुसरा थेंब बघितल्याशिवाय कुणावर हात उगारू नका. मला एकच डोळा पुरतो, हे कळायला कुणाचा दुसरा फुटायला नको.