हासेयच्या भिंतीवरची बोटं

तेनिनच्या डब्यांत टिंबक्टूची माती. करडी, पिवळी, राखेसारखी.

उंबऱ्यावरची वाळू सकाळी झाडली, तरी दुपारी तेवढीच.

पाहुण्याची लाज ती यजमानाची लाज.

भिंतीत मुठीएवढा खड्डा.

खड्डा तेनिननेच पाडला. ती आणि झुमाना, दोघं चित्रकार, बामाकोहून येऊन आमच्याकडे उतरली होती. झुमाना वाळूची टेकाडं आणि दारं काढायचा. तेनिनला हे शहर त्याच्याच मातीने रंगवायचं होतं. शेजारच्या घराला तिने सुरी लावली आणि गिलाव्याचा पोपडाच निघून आला.

"दादा, कोणी बघायच्या आत बुजवता?" तिने माझ्या नवऱ्याला विचारलं.

महालमदान गवंडी. पण ते घर हासेय गवंड्याचं. म्हणजे राहणारे दुसरेच. भिंतीला हात लावायचा हक्क मात्र हासेयचा, त्याआधी त्याच्या बापाचा. मातीत कालवलेले मंत्रही त्यांचे. दुसऱ्या गवंड्याने तिथे हात घातला, की पुढच्या भिंतीवर त्याचा पाय टिकत नाही. महालमदानला हे माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी त्याने माती भिजवली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा हासेय आला. भिंतीवरून तळवा फिरवला आणि हसला.

"महालमदान, बोटं तुझी दिसतात."

"पाहुण्यांची अब्रू होती, बाबा."

"बरं. माफीची कोलाची फळं घेऊन माझ्या दारात ये, दोषातून मोकळा करतो तुला. तोवर वर चढू नकोस."

कोलाची फळं मी लगेच आणली.

"जा आत्ता."

"जातो गं. झुमानाला माझं भिंतीवर चढतानाचं चित्र काढायचंय. उद्या निघतायत ते."

"मग चढायच्या आधी जा!"

"वहिनी, चवळीखाऊ घाबरला तुमचा!" झुमाना ओरडला.

"चवळी तुझा बाप खातो," म्हणत, दोघांच्या कुळांतली जुनी थट्टा परतवत महालमदानने झगा कमरेला खोचला.

मशिदीमागच्या भिंतीतून लाकडं बाहेर आलेली आहेत. त्यांवर पाय देत तो चढला. वारा पडला होता. शेळ्यासुद्धा गप्प. झुमानाचा कोळसा कागदावर करकरत होता.

"अजून थोडं वर, दादा."

मग करकर थांबली. तेनिन किंचाळली.

लाकूड शाबूत होतं. पाय सुटला होता.

संध्याकाळच्या नमाजाआधी त्याला पुरलं. चटईवरून नेताना हासेय वाटेत उभा होता.

महालमदान पोरगा होता तेव्हा त्याला भिंतीवर चढायला हासेयनेच शिकवलं.