ओली चादर

आमचे बाबा सोफे भरतात. म्हणजे लोकांचे जुने सोफे फाडायचे, आतला कुजका काथ्या उपसायचा, नवा फोम घालायचा, वर कापड ठोकायचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही चौघं. शाळा सोडल्यापासून पिना उपटायचं काम माझ्याकडे. पिना उपटताना राग बरा जिरतो.

धाकट्याला आम्ही टिल्ल्या म्हणतो. टिल्ल्याला दमा. धूळ नाकात गेली की श्वास असा ओढायचा की बरगड्या मोजून घ्याव्यात.

डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "घरातली धूळ कमी करा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर एखाद दिवशी इथे आणेपर्यंत वेळ मिळायचा नाही."

आईने घरी येऊन बाबांना सांगितलं, "ओलं ठेवायला सांगितलंय."

"एवढंच ना?" बाबांचा चेहरा खुलला. ओलं त्यांना कळतं. जुना सोफा फाडायच्या आधी आम्ही त्यावर पाणी मारतो, धूळ जागच्या जागी बसते. त्यांनी दोन खोल्यांमधल्या दारात जाड चादर टांगली आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारायला लागले. खिडकीलाही ओलं पोतं. "आता एक कण आत आला तर नाव बदलीन."

"आणि हवा कुठून येणार?" मी विचारलं.

"तू डॉक्टर का गं? शाळेत टिकली असतीस तर झालीही असतीस."

"तुम्ही कुठे टिकलात?"

पिना काढायचा चिमटा माझ्या कानाजवळून गेला. मी चुकवला, सवय आहे.

सुरुवातीला टिल्ल्या बरा वाटला. मग घराला डबक्याचा वास यायला लागला आणि त्याचा खोकला वाढला. खोकला वाढला की बाबा ओरडायचे, "चादर वाळली असेल, बघ!" आणि आई बादली घेऊन धावायची. जितका दम लागेल तितकं पाणी.

शेवटी त्या वासाने माझं डोकं फिरलं. मी टिल्ल्याची खाट ओढली. त्याच्या उशीमागची भिंत काळी पडलेली, मांजराच्या पाठीसारखी मऊ. बुरशी.

"हे बघा तुमचं औषध!"

बाबांनी बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "हे कधीपासून?"

"पाणी मारताय तेव्हापासून."

पहिल्यांदाच त्यांनी काही फेकून मारलं नाही.

त्याच संध्याकाळी टिल्ल्याचे ओठ निळे पडले. बाबा त्याला खांद्यावर टाकून पळाले. तो वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, ओल्या फडक्याने म्हटलं होतं! पुसायचं आणि कोरडं करायचं. आता घर सुकेपर्यंत त्याला तिथे नेऊ नका. आणि शेजारी ते सोफे असतील तर नंतरही नको."

पहिलं बाबांनी ऐकलं. दुसरं ऐकूनही ऐकलं नाही. दुकान बंद केलं तर चूल कशी पेटणार?

आई टिल्ल्याला घेऊन मामाकडे गेली. आम्ही दोघांनी भिंत खरवडली, गिलावा पाडला, नवा केला, चुना मारला. खिडकी उघडी ठेवली. चादरीच्या जागी बाबांनी फळ्यांचं दार बसवलं, फटीत फोम ठोकला. "आता आणू आपल्या वाघाला," म्हणाले.

मामाच्या अंगणात टिल्ल्या चेंडूमागे पळत होता. पळत! मी त्याला असं पळताना कधी पाहिलं नव्हतं. बाबांना बघितलं आणि झेप घेऊन गळ्यातच पडला. बाबांनी घट्ट धरला.

मग तो खोकला. पुन्हा खोकला. मामीने त्याला ओढून आत नेलं.

"दाजी, आंघोळ करून निघालात ना?" मामाने हळूच विचारलं.

"दोनदा."

धुतलेल्या सदऱ्याच्या शिवणीत काथ्याची भुकटी बसलेली मला दिसत होती. कानाच्या केसांतही. माझ्या वेणीत तर असणारच.

बाबा फाटकापाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने टिल्ल्या खिडकीत आला.

"बाबा, आत या ना."

"नको रे, इथे वारा छान आहे."

पान हलत नव्हतं.

"मला न्यायला आलात ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी तोंड उघडलं की चिमटा फेकणारा माणूस.

"भेटायला आलोय," मी म्हटलं.

दारात आई पिशवी भरून तयार उभी होती. ती उचलून परत आत घेऊन गेली.