माझ्या अंगावर ‘खुनी’ लिहिलं होतं

मित्रांनो, मी वेल्डिंगचा एक जुना, अवजड ट्रान्सफॉर्मर आहे, आणि माझ्यामुळे एक माणूस मेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढा वेळ गोड गोड बोलून आम्हाला फसवलं.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पत्र्यांची जाड थप्पी, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे आणि वर पत्र्याची पेटी, एवढाच माझा देह. वजन मात्र असं की उचलताना सहा हमालांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. सत्तावन्न साली मालगाडीतून मी भिलाईला आलो. तिथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता. वेल्डरने सळई टेकवली की माझ्या जोरावर लोखंडाचं पाणी व्हायचं. ठिणग्यांनी माणसांची कातडी भाजायची, डोळे सुजायचे, वरून निसटलेला गर्डर खालच्याचा पाय चेचायचा. एकदा तर मला कुणी वापरायचं यावरून दोन टोळ्यांनी सळयांनी एकमेकांची डोकी फोडली. खरं सांगतो, तेव्हा मला फार अभिमान वाटला. मूर्खच होतो मी.

शेवटी मी पुंडलिक नावाच्या वेल्डरच्या वाट्याला आलो. तो नागपूरकडचा, हाताने सफाईदार आणि दारूच्या थेंबालाही न शिवणारा. त्याचा जोडीदार देवराव त्याच्याच गावचा. दोघं एका डब्यात जेवत.

अठ्ठावन्न सालचा दसरा आला. दसऱ्याला अवजारं पुजायची रीत. देवरावने मला पुसलं, लाल रंगाचा डबा आणला आणि अगदी हौसेने मला रंगवायला घेतलं.

“नवरदेवावानी करून टाकतो याले,” तो म्हणाला.

“कर, पण लवकर आटप,” पुंडलिक हसून म्हणाला.

मित्रांनो, माझ्या पायाशी एक बोल्ट असतो. त्याला बांधलेली तार जमिनीत पुरलेली असते. माझ्या अंगात कुठे वीज फुटलीच, तर ती माणसाला न धरता जमिनीत जावी म्हणून. त्या बोल्टाचं लोखंड उघडं असावं लागतं. देवरावने तार सोडली, बोल्टावरही जाड रंग फासला आणि वाळल्यावर त्या रंगावरच तार आवळली. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. मी सजलो होतो आणि जमिनीपासून तुटलो होतो.

पंधरा दिवसांनी माझ्या आतल्या एका तारेचं वेष्टण जळालं आणि वीज माझ्या पेटीत उतरली. पुंडलिक घामाने निथळत लोखंडी पत्र्यावर उभा होता. करंट वाढवायला त्याने माझी मूठ धरली आणि धरूनच राहिला. त्याचं सगळं अंग ताठ झालं, दात जिभेत रुतले, तळहाताचं मांस जळू लागलं. मी त्याला सोडू शकत नव्हतो. देवरावने लाकडी फळीने त्याला झोडपून माझ्यापासून तोडलं, तेव्हा तो संपला होता.

ठेकेदाराचा मुकादम धोंडबा धावत आला. त्याने बोल्टावरचा रंग नखाने खरवडून पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं; जमिनीची तार तपासायचं काम त्याचंच होतं. मग त्याने पक्कड घेऊन माझी तारच उपटली आणि ओरडला, “दारू पिऊन यानंच तार काढली, पहा!”

देवराव तिथेच उभा होता. त्याने ब्र काढला नाही.

मजुरांनी राग माझ्यावर काढला. घणांनी माझी पेटी चेपली, चुन्याने माझ्यावर ‘खुनी’ लिहिलं आणि मला झुडपात ढकललं. तीन वर्षं मी तिथे गंजलो. पुंडलिकची बायको शेवंता कारखान्यातच माती वाहत होती. समोरच्या वाटेने ती जायची तेव्हा बाया कुजबुजायच्या, “हे त्या दारुड्याची.” ती मान खाली घालून चालायची. मला तेव्हा रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

एकसष्ट साली भिलाईतल्याच पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या एका भंगारवाल्याने मला तांब्यासाठी फोडायला नेलं. देवरावने तोवर ठेकेदाराचं काम सोडून तिथेच दुकान टाकलं होतं. त्याने मला ओळखलं, भंगारवाल्याला पैसे मोजले आणि मला दुकानात नेलं. जळके वेढे काढून त्याने नवे भरले. बोल्ट कानशीने घासून चकचकीत केला. मग माझ्या दोन टोकांना तांब्याचे जबडे बसवले. त्यांत गैंतीचं, म्हणजे टिकावाचं, टोक किंवा सब्बल, म्हणजे पहार, धरून खटका ओढला की लोखंड बघता बघता लालबुंद व्हायचं, मग ऐरणीवर ठोकून धार करायची. कोळसा नाही, भाता नाही! लोक बघायला गर्दी करू लागले. पोलाद जोडणारा मी आता अवजारांना धार देऊ लागलो, आणि मला बरं वाटू लागलं.

एक दिवस शेवंता बोथट गैंती घेऊन आली. माझ्या पाठीवरचा चुना पुरता गेला नव्हता.

“हाच! यानंच खाल्लं माह्या माणसाले!” असं म्हणत तिने देवरावचा घण उचलला आणि माझ्यावर घातला. एक, दोन, तीन. पत्रा फाटला. चौथा घाव देवरावने मध्ये येऊन अडवला.

“वहिनी, त्याले नोका मारू. बोल्टावर रंग म्या फासला होता. पुंडलिकनं तारेले हात बी नाही लावला. धोंडबानं उपटली तार. म्या पाह्यलं.”

“अन् गप्प राह्यले तुमी? कावून?”

“काम जाईन म्हून भेलो.”

“तीन वर्सं! तीन वर्सं लोक माह्या माणसाले दारुड्या म्हनून राह्यले, अन् तू आयकून राह्यला होता?”

अहोजाहो सुटलं होतं. तिने घण टाकला, गैंतीचा दांडा धरला आणि देवरावला मारायला सुरुवात केली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शेजारी धावले, पण देवराव ओरडला, “कोनी मंधात येऊ नोका!”

मारून मारून ती दमली. मग म्हणाली, “उठ. चाल कॅम्पात. सगळ्याइले सांग.”

तो गेला. पुढचं मला गिऱ्हाइकांकडून कळलं. लोंबत्या हाताने तो मजुरांच्या कॅम्पात नळापाशी उभा राहिला आणि आलेल्या प्रत्येकाला त्याने सगळं सांगितलं. धोंडबा काठी घेऊन धावून आला. त्या दिवशी लोकांनी त्याचीच काठी हिसकून त्यालाच बडवलं. शेवंता मात्र तिथे थांबली नाही. ती रोजच्या वाटेने घरी गेली, मान वर करून.

देवरावचा तो हात पुन्हा कधी नीट उचलला गेला नाही. शेवंताही त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

मित्रांनो, यंत्रांना जरूर सजवा, पण आधी त्यांचं अंग नीट समजून घ्या. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी, चारचौघांत सांगा. मी तीन वर्षं गप्प राहिलो, कारण मी लोखंड आहे. तुम्ही लोखंड नाही.